चिंचोक्यांचा शेवटचा डाव

वन्सं,

परवा घोडनदीच्या काठावर तुमचा दहावा झाला. प्रवचन झालं, मग माइकवरून श्रद्धांजल्या झाल्या. कुणी तुम्हाला सोशिक म्हणालं, कुणी देवभोळ्या म्हणालं. ज्यानं तुम्हाला कधी पाहिलंही नसेल अशा एका पुढाऱ्यानं तुम्ही 'अतिशय शांत स्वभावाच्या' होता असं ठासून सांगितलं. तेव्हा शेजारी बसलेल्या तुमच्या जावेनं माझ्या मांडीला चिमटा काढला आणि पदरात तोंड घालून म्हणाली, "शांत? पत्त्यात हरल्यावर बघाया पायजे व्हतं ह्यांनी." आम्ही दोघी हसलो आणि मग दोघींनाही रडू आवरेना.

पत्त्यांचं नाव माइकवर कुणी काढलं नाही. बाईमाणसाच्या दहाव्याला ते काढत नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून ते इथं लिहिते. तुमच्या-माझ्यात जे काही होतं ते पत्त्यांवरून झालं, आणि जे सांगायचं राहिलं तेही पत्त्यांचंच आहे.

मी लग्न होऊन पिंपरी पेंढारला आले तेव्हा नणंद या माणसाविषयी मला जे ऐकवलं होतं ते काही बरं नव्हतं. तुम्ही ह्यांच्या थोरल्या बहीण. उन्हाळ्यात शिनोलीहून माहेरपणाला आलात ती बातमी तुमच्या आधी घरात पोचली होती, आणि सासूबाईंनी मला सकाळपासून तीनदा पदर सारखा करायला लावला होता. दुपारी आपण सगळ्या ओसरीवर चिंचा फोडत बसलो. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत. मला वाटलं, आता माहेरचा उद्धार होणार. तुम्ही म्हणालात, "शालन, तू चिंचोकं पाच-पाचाच्या ढिगानं का लावतीस गं?"

"सवय हाय," मी म्हणाले. "मोजायला बरं पडतं."

"पत्ते येत्यात?"

सासूबाईंच्या हातातला दगड थांबला. "ह्या घरात पत्ते न्हाई. पत्ते म्हंजी जुगार."

"आये, पैसा न्हाई तर जुगार कसला? चिंचोक्याचा कधी जुगार व्हतो का?"

सासूबाईंचा दगड परत चालायला लागला. तुम्ही पिशवीतून पत्ते काढलेत, माझ्यापुढचे ढीग निम्मे-निम्मे केलेत आणि मला तीन पत्ती शिकवलीत. शिकवताना घरचे नियमही सांगितलेत. हरेल त्यानं पिसायचं. पानं टाकून डावातून बाहेर पडायचं ते 'पॅक' असं मोठ्यानं म्हणून. आणि पॅक केलेली पानं कुणाला दाखवायची नाहीत, डाव संपल्यावरही नाहीत. "टाकलं ते मेलं," तुम्ही म्हणायच्या. "मेल्याचं तोंड उघडून बघू ने." आज हे वाक्य लिहिताना हात थांबला, पण तुमचंच आहे, म्हणून ठेवते.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आपण खेळलो. माझं डोकं आकड्यांत चालतं, हे तुम्हाला माहीत होतं. गावातल्या दूध संस्थेत मी माप घेते, फॅट लावते. सांडलेलं दूधही मी हिशोबात धरते म्हणून लोक मला हसतात. पत्त्यांतही तेच. कोणतं पान गेलं, कोणतं राहिलं, ते माझ्या डोक्यात आपोआप मांडलं जातं. पण तुम्ही आकड्यांवर खेळत नव्हता. तुम्ही माणसावर खेळत होता. मी पानं उचलली की तुम्ही पानांकडे बघतच नव्हता. माझ्या मानेकडे, अंगठ्याकडे, जोडवी घातलेल्या बोटाकडे बघायच्या. "जोडी लागली का गं? पाय हालतोय तुझा." मी पाय आवळून बसायचे. मग म्हणायच्या, "आता पाय आवळलास, म्हंजी जोडी मोठी हाय."

मीही शिकले. पानं चांगली आली की तुम्हाला बोलायला सुचायचं. "शालन, दूध तापवलंस का?" म्हणजे जोडीच्या वर काहीतरी आहे. "औंदा आंबा कसा काय न्हाई?" म्हणजे त्याहून मोठं. आणि पानांत काहीच नसताना हूल द्यायची असली की तुम्ही गप्प. हे ओळखायला मला दोन उन्हाळे लागले आणि ते मी कुणालाही सांगितलं नाही. तुम्हाला कळलं होतं का, ते आता विचारता येत नाही.

पोकर आपल्याकडे तुमच्या सुनीलनं आणला. तो पुण्याला नोकरीला लागल्यावर एका दिवाळीला शिनोलीत म्हणाला, "आई, तीन पत्तीचा थोरला भाऊ आलाय." प्रत्येकाला दोन पानं बंद. मध्ये आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक, अशी पाच पानं उघडी. आपली दोन आणि सगळ्यांची पाच, यांतून चांगली पाच धरायची. दर पायरीला चिंचोके लावायचे. तुम्ही दोन डावांत शिकलात. मी एका. तुम्ही त्या दिवशी मला "मास्तरीण" म्हणालात ते रागानंच.

फक्त एक गोष्ट आपण आपलीच ठेवली आणि ती पुढं एवढी महाग पडेल असं कुणाला वाटलं होतं! तीन पत्तीत ओळीनं आलेली पानं, म्हणजे रन, ही एकाच रंगाच्या पानांहून, म्हणजे कलरहून मोठी. पोकरमध्ये उलटं आहे, असं सुनील म्हणत होता. तुम्ही त्याला गप्प केलंत. "रन ती रन. चार शिकल्याली कलरवाली आली म्हणून रन खाली बसंल व्हय?" म्हणून आपल्या घरच्या पोकरात रनच मोठी राहिली.

मग तुमचा खोकला वाढला. घोडेगावला दाखवलं, मंचरला दाखवलं, शेवटी पुण्याला. फुप्फुसं निम्मी गेली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या कॉटशेजारी ऑक्सिजनची टाकी आली आणि त्याबरोबर माणसं यायला लागली. सगळे तुमच्याशी पत्ते खेळायचे. सगळे हरायचे.

तो दिवस मला नीट आठवतो. आपण चौघं खेळत होतो: तुम्ही, मी, हे आणि सुनील. तुम्ही चिंचोके पुढे सरकवलेत आणि ह्यांनी लगेच "पॅक" म्हटलं. तुम्ही तुमच्या भावाच्या तोंडाकडे बघत राहिलात.

"भाऊ, एक्क्यांची जोडी हाय तुझ्याकडं."

"छे! कुठं काय, आक्का?"

"लहानपणापास्नं तुझी वरची दाढ दिसती जोडी लागल्याव. पॅक का केलंस?"

हे पुढ्यातले चिंचोके चाळायला लागले. तुम्ही हातातली पानं चटईवर ठेवलीत. तुमचा आवाज चढला नाही. चढवायला तेवढा श्वासही नव्हता. "मी मेले न्हाई अजून," एवढंच म्हणालात.

रात्रीच्या आत सगळे विसरले, तुम्ही नाही. त्या दिवसापासून तुम्ही चटईवर खेळणं सोडलंत आणि सुनीलनं आणून ठेवलेल्या कॉम्प्युटरवर खेळायला लागलात. इंटरनेटवर पोकरची एक साईट होती, खोट्या नाण्यांवर खेळायची. एका टेबलावर सहा जण, कोण कुठल्या देशातला पत्ता नाही. तुमचं नाव सुनीलनं 'शिनोली' असं टाकलं होतं.

मला ते आवडलं नाही. मी भेटायला आले, तर तुम्ही नाकात नळी घालून पडद्याकडे बघत होता आणि मला "बस" म्हणायलाही तुमचं डोकं वळलं नाही. मी सरळ बोलले. आपला वाद तिथून सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

"वन्सं, ह्याला पत्ते म्हणायचं? माणूस न्हाई समोर, नुसती बटनं."

"माणूस न्हाई तेच बरं," तुम्ही म्हणालात. "आपल्या दादांबरोबर, तुज्या सासऱ्याबरोबर, बेल्ह्याच्या बैलबाजारात गेले व्हते मी ल्हानपणी. सौदा कसा व्हतो, बघितलास कधी?"

मी बघितला होता. दोघांचे हात एका रुमालाखाली. तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा आणि खाली बोटांनी किंमत. बोट धरलं की आकडा, दाबलं की कबूल.

"मंग? दादा म्हणायचे, बाजारात तोंडाव जो गेला तो फसला. रुमालाखाली फकस्त आकडा बोलतो. हे मशिन म्हंजी तो रुमाल हाय. इथं मला कोण बी आक्का म्हणत न्हाई. मी आजारी हाय हे त्यान्ला ठावंच न्हाई. बघ कसे फाडून खात्यात!"

असं म्हणताना तुमचे डोळे चमकत होते. कितीतरी दिवसांनी मी ते तसे बघितले.

"रुमालाखाली बोटं तरी लागत्यात एकमेकांना," मी म्हणाले. "घाम कळतो. हितं काय कळतं?"

"यळ कळतो. कोण किती यळ लावतो, त्याच्यात समदं असतं. पण त्याला लक्ष लागतं, मास्तरीणबाई. तुज्यासारखं आकडं मोजून न्हाई भागत."

मी तुम्हाला खोटं पाडायचं ठरवलं. आठवड्याच्या बाजाराला आळेफाट्याला गेले की मी तिथल्या नेट कॅफेत जाऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या माणसानं अदबीनं विचारलं, "काकू, लेकीला मेल करायचाय का?"

"न्हाई. पत्ते खेळायचेत."

त्यानं माझ्या भाजीच्या पिशवीकडे बघितलं आणि मला कोपऱ्यातली खुर्ची दिली. सुनीलनं फोनवर सांगितलं तसं मी नाव टाकलं, 'पेंढार', आणि तुमच्या टेबलावर येऊन बसले. शिनोली आणि पेंढार समोरासमोर, आणि मध्ये जगातले चार लोक.

मी जे बघितलं ते प्रामाणिकपणे सांगते, कारण निम्मी बाजू तुमची निघाली. घरी चटईवर मी दहापैकी सहा-सात डाव पॅक करते. चांगलं पान नसेल तर खेळायचं नाही, हा माझा साधा हिशोब. कॅफेत माझ्या लक्षात आलं की मी दहापैकी सात खेळतेय. पानं वाईट, तरी खेळतेय. कारण पॅक केल्यावर करायला काही नसायचं. घरी पॅक केलं तरी मी डावातच असते. तुमच्या तोंडाकडे बघते, हे चिंचोके कसे मोजतात ते बघते, चहा टाकते आणि स्वयंपाकघरातून कान देते. इथं पॅक केलं की डोळा लगेच दुसरीकडे. शेजारच्या पोरांचं गाणं, पडद्यावर उड्या मारणारी जाहिरात, भाजीतली मेथी सुकतेय का. परत पडद्याकडे बघावं तर माझी पाळी येऊन निम्मी गेलेली, आणि घाईनं कुठलंतरी बटण. एकदा तर मी तीन राण्या जमल्या असताना पॅक दाबलं.

संध्याकाळी तुमचा फोन आला. "त्या डावात कुठं व्हतीस गं? मेथी निवडीत व्हतीस का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"लई यळ लावलास, आन् मंग झटक्यानं टाकलंस. जो इचार करून टाकतो तो असा टाकीत न्हाई."

मग मी शिनोलीला येऊन तुम्ही कसं खेळता ते शेजारी बसून बघितलं. तुमच्या कीबोर्डपुढे चिंचोक्यांचे ढीग होते. पडद्यावर कुणी नाणी लावली की तुम्ही तेवढे चिंचोके हातानं पुढे सरकवत होता. पडद्यावरच्या प्रत्येकाला तुम्ही नाव दिलं होतं. एक होता बेल्ह्याचा दलाल: थोडं थोडं वाढवत माणसाला पार आत ओढायचा. एक उपाशी, जो दर डावाला जेवायलाच बसायचा. एक घोडेगावची क्लार्कीण, "कारण ती कागद वाचल्याबिगर सही करीत न्हाई." तुम्ही स्वतः पॅक केल्यावर पडद्यापासून डोळा काढत नव्हता, दलाल किती वेळ थांबला, क्लार्कीण कधी घाबरली, हे मला धापा टाकत सांगत होता. समोर माणसं नव्हती म्हणून तुम्ही ती बसवली होती. मी वाद जिंकायला आले होते आणि गप्प बसून बघत राहिले.

पण एक दिवस तुम्ही मशीनशीच भांडलात. मला तेव्हाचा फोन आठवतो. "शालन, हे मशिन खोटं बोलतंय! माझी रन व्हती. पक्की रन. आन् त्या दलालाच्या कलरला डाव दिला!"

मी म्हणाले, थांबा, मोजून सांगते. दोन दुपारी मी मोजत होते. आणि वन्सं, गंमत अशी निघाली की तुम्हीही बरोबर आणि मशीनही बरोबर. बावन्न पानांतून तीनच उचलायची असतील तर रन कलरहून दुर्मीळ. म्हणून तीन पत्तीत ती मोठी. पाच उचलायची झाली तर रन लागण्याचे प्रकार कलरच्या जवळजवळ दुप्पट होतात. तिथं कलर दुर्मीळ, म्हणून तो मोठा. मी हे सगळं फोनवर सांगितलं.  पलीकडून नुसता टाकीचा बुडबुडाट आणि तुमचा श्वास.

"बरं," तुम्ही शेवटी म्हणालात. "मशिनात मशिनचं. घरात घरचं. घरात रनच मोठी."

"हिशोबानं ते चूक हाय, वन्सं."

"असू दे. घर हिशोबाव चालत न्हाई."

मी कबूल केलं. पुढं आपण मशीनवर मशीनच्या नियमानं खेळत राहिलो. मेथी मी कॅफेच्या बाहेरच्या दुकानात ठेवायला लागले. तुमच्यासारखे मूठभर चिंचोके पिशवीत न्यायला लागले, ते पुढे सरकवायला लागले, आणि माझं लक्ष खरंच टिकायला लागलं. उन्हाळा संपेपर्यंत माझ्या बोटांना मशीनचा नियम पाठ झाला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं त्यावर आहे.

शेवटचं भेटले तेव्हा शिनोलीत दुपारची वीज गेलेली होती. भारनियमनाचे दिवस. कॉम्प्युटर बंद, पंखा बंद. तुम्ही उशांना टेकून बसला होता, पूर्वीच्या निम्म्या झाला होता. तुमचे मालक, आमचे दाजी, मला चहा करतो म्हणाले, मी केला. मी कप ठेवला तसं तुम्ही उशाखाली हात घातलात आणि पत्ते बाहेर काढलेत. तेच जुने, कडा मऊ झालेले.

"चिंचोकं त्या डब्यात हायेत. घरचा डाव मांड."

"दम लागंल तुम्हाला."

"खेळायला दम लागत न्हाई. बोलायला लागतो." मग थोडं थांबून म्हणालात, "शालन, एक ऐक. समदी मला जितवत्यात. तुझं दाजी जितवत्यात, पोरगं जितवतंय, नर्सबाई बी जितवती. तू तरी मला खरं खेळव."

मी शब्द दिला. आपण दोघीच. सारखे चिंचोके वाटून घेतले आणि मी खरं खेळले. पहिल्या काही डावांत मी तुमचे निम्मे चिंचोके घेतले आणि तुम्ही प्रत्येक वेळी मान हलवून, शिस्तीत, पत्ते पिसलेत. एकदा पानं हातातून निसटली. मी उचलायला वाकले, तर तुम्ही डोळे वटारलेत. मी परत सरळ बसले.

मला एक अडचण होती. तुम्ही बोलतच नव्हता. चांगलं पान असो, नसो, श्वास वाचवायला तुम्ही सगळ्या डावांत गप्प. इतक्या वर्षांची माझी खूण गेली होती. तुमचा चेहराही नळीच्या मागे, सगळ्या वेळी सारखाच थकलेला. तुम्ही समोर बसला होता आणि तरी मध्ये रुमाल होता. मग मी माझ्या जुन्या मार्गानं गेले: आकडे. फक्त आकडे. दाजी दारातून काहीतरी म्हणाले तेही मला ऐकू आलं नाही. टाकीचा आवाज ऐकू येईना. उन्हाळ्यातल्या त्या ओसरीवर असायचे तशी मी त्या पानांत बुडून गेले.

आणि तो डाव आला. मधली पानं सांगते. किलवरची छक्की, बदामची सत्ती, किलवरची दश्शी, ही आधी तीन. मग इस्पिकची दुर्री. तुम्ही थोडे थोडे लावत होता, मी देत होते. शेवटचं पान उलटलं: किलवरचा राजा. म्हणजे मध्ये तीन किलवर झाले.

तुम्ही तुमच्या दोन पानांकडे बघितलंत. मग तळहातानं, एकाच हातानं, तुमचे उरलेले सगळे चिंचोके पुढे लोटलेत. दोन-तीन चादरीवरून खाली घरंगळले.

मी विचार केला. तीन किलवर मध्ये आहेत. तुम्ही छक्की-दश्शीपासून बरोबर चालत आलात, आणि तिसरं किलवर पडताच सगळं लावलंत. दोन किलवर हातात असल्याशिवाय असं कुणी करत नाही. दलाल करेल, पण तुम्ही दलाल नाही. कलर आहे. मी हरले आहे. सगळं मोजून, शंभर टक्के खात्रीनं, मी म्हणाले, "पॅक."

तुम्ही चिंचोके ओढले नाहीत. माझ्याकडे बघितलंत, मानेकडे, अंगठ्याकडे, पहिल्या दिवसासारखं.

"खरं सांग. दया केलीस?"

"न्हाई, वन्सं."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"शपथ."

"मंग दाव पानं."

मी पानं दाखवायला हात उचलला आणि त्याच क्षणी मला कळलं, मी काय केलं आहे ते. मी हात परत खाली नेला.

"पॅक केलेली पानं दाखवायची न्हाईत," मी म्हणाले. "घरचा नियम. तुमचाच हाय."

तुम्ही किती वेळ माझ्याकडे बघत होता, ते मी मोजलं नाही. आयुष्यात मोजायचं राहिलेल्या थोड्या गोष्टींतली ती एक. मग तुमच्या ओठांची एक कड वर गेली. "बरं," म्हणालात. "मंग मी बी दावत न्हाई." आणि तुमची दोन पानं उचलून तुम्ही स्वतः गठ्ठ्यात मधोमध खुपसलीत. हरले होते मी, म्हणून पिसायचं माझ्याकडे आलं. मी पिसलं, आणि माझीही पानं त्यात गेली. थोड्या वेळानं वीज आली आणि पंखा फिरायला लागला. तुम्ही थकून डोळे मिटलेत.

पुढच्या आठवड्यात तुमचा फोन आला होता. एकच वाक्य बोललात: "लई दिसांनी जिंकले बघ." तुमची खात्री झाली होती, की तुम्ही मला तशी खात्री दाखवत होता? तोंड दिसत नव्हतं. आवाजही दोन श्वासांत तुटलेला. तुमच्या पद्धतीनं, किती वेळ लावलात त्यावरून मी ओळखायचा प्रयत्न केला, पण ती विद्या मला तुमच्याएवढी कधीच आली नाही.

म्हणून आज तुमचा नियम मोडते. एकदाच. पॅक केलेली पानं उघडी करते.

माझ्याकडे चौकटची अठ्ठी आणि इस्पिकची नव्वी होती. मधली छक्की, सत्ती, दश्शी धरली तर सहा, सात, आठ, नऊ, दहा. रन. मी नंतर सगळ्या बाजूंनी मोजून पाहिलं: घरच्या नियमानं त्या डावात तिच्याहून मोठं काही कुणाकडे असूच शकत नव्हतं. तुमच्याकडे कलर असता तरी मी जिंकले असते. मी मशीनच्या नियमानं पॅक केलं. बसले होते तुमच्या कॉटवर, आणि डोकं होतं आळेफाट्याच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत.

तेव्हा दाखवलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, ते मला पाठ आहे. "रन असून टाकलीस? तू? सांडल्यालं दूध मोजणारी तू घरचा नियम इसरलीस? दया केलीस, शालन. तू बी त्यांच्यातलीच." आणि माझ्याकडे काय पुरावा होता? माझी हुशारीच माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली असती. म्हणून मी पानं झाकली.

पण वन्सं, आता शांतपणे बघा, बाजारात दादा बघायचे तसं. दया करायची तर तुम्ही आजारी आहात हे आठवावं लागतं. मला त्या वेळी टाकी आठवत नव्हती, नळी आठवत नव्हती, दारात दाजी उभे होते ते आठवत नव्हतं, इतक्या वर्षांचा घरचा नियमसुद्धा आठवला नाही. मला फक्त तुमचे चिंचोके दिसत होते आणि तुम्ही मला हरवणार एवढंच दिसत होतं. तुम्हाला मी घाबरले होते. तुम्ही मागितलं होतंत ते हेच होतं ना?

आपल्या वादाचं काय, ते तुम्हीच ठरवा. मशीननं माझं लक्ष मोडलं, हे खरं. मशीन नसतं तर मी रन टाकली नसती, आणि तुम्ही शेवटचा डाव हरला असता, हेही खरं.

दहाव्याहून निघताना दाजींनी तो चिंचोक्यांचा डबा मला दिला. त्यात पत्तेही आहेत, मी पिसून ठेवले होते तसेच. त्यांतच कुठंतरी तुमची दोन पानं असतील. किलवर असतील किंवा नुसती हूल. मी ती शोधत नाही. टाकलं ते मेलं. माझी मात्र मी उघडी केली: चौकटची अठ्ठी, इस्पिकची नव्वी.

आता पिसायची पाळी तुमची नाही, माझीच आहे. मीच हरले होते, वन्सं. खरीखुरी.

तुमची,
शालन